अर्धेलीचे अकरा पिकान

समजा, तुम्ही दहा वर्षांच्या आहात आणि एका उंच झाडाच्या शेंड्यात बसल्या आहात. खाली बघू नका. कमरेला दोर बांधलाय, त्याचं दुसरं टोक आईच्या हातात आहे, आणि आई खालून मोठमोठ्यानं देवाचं गाणं म्हणतेय. तिला भीती वाटली की ती गाते. तुमच्या दातांत सुतळी आहे, एका खिशात कापूस आहे आणि दुसऱ्यात डुकराच्या आतड्याच्या वीस पिशव्या. आता उजवा हात हळूच पुढे करा. फांदीच्या टोकाशी मुगाएवढा हिरवा ठिपका दिसतोय? ते फूल आहे. त्याला पाकळी नाही, वास नाही, रंगही नाही. मधमाशी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण तुम्ही एवढ्या वर चढलात ते त्याच्यासाठीच.

टिली लेनर्ट अशीच चढली होती. एप्रिल संपत आला होता, आणि टेक्सासातली सॅन साबा नदी पुरानंतरची गढूळ झोप काढत होती.

झाडाचं नाव होतं थोरली. पिकानचं झाड ते. पिकान म्हणजे अक्रोडाचा लांबोडका, गुळगुळीत भाऊ. थोरलीचे पिकान आकारानं बेताचे, पण दोन मुठीत धरून दाबले की कवच कागदासारखं फुटायचं, आणि आत गर असा ठासून भरलेला की सुईला जागा नाही. मात्र त्या वर्षीच्या पुरानं तिच्या पायाखालचा काठ खाल्ला होता. अर्धी मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. टिलीचे आजोबा रोज सकाळी जाऊन त्या मुळांना हात लावून बघायचे, जसा कुणी आजाऱ्याच्या कपाळाला लावतो.

टिली त्यांना ओपा म्हणे, म्हणजे जर्मनमध्ये आजोबा. ओपा चौऱ्याहत्तर वर्षांचे. गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

"घट्ट बांध!" ते खालून ओरडले. "पण फूल चिरडू नकोस! देठाला कापूस गुंडाळ, त्याच्यावर पिशवी, त्याच्यावर सुतळी!"

"हे तुम्ही चौदा वेळा सांगितलंत, ओपा."

"मग पंधराव्यांदा ऐक!"

आई, म्हणजे आल्मा, गाणं थांबवून म्हणाली, "माझ्या वीस सॉसेजांची आतडी आहेत ती. हिवाळ्यात झाडालाच तळून वाढीन पप्पा तुम्हाला."

टिलीनं विसावी पिशवी बांधली ती अगदी टोकाच्या फांदीवर. दोर ताणला, पोट फांदीवर टेकलं, कोपर सोलवटलं. आतड्याची पिशवी उन्हात फुगून चमकली. आता वाऱ्यानं कुठलाही पराग आणला तरी आत जाणार नव्हता.

एवढा खटाटोप कशाला, हे ओपांनी तिला कोठाराच्या दारापाशी समजावलं होतं. त्या दारावर आतल्या बाजूनं खडूनं तीन रकाने आखलेले होते: झाड, आई, बाप. चाळीस वर्षांत ओपांनी लावलेली सात झाडं तिथं ओळीनं होती. सातही जणांची आई थोरली. आणि बापाच्या रकान्यात सातही वेळा एकच शब्द: वारा.

"सगळ्या जुन्या नामांकित पिकानांची हीच गत," ओपा म्हणाले होते. "नदीच्या तोंडाशी एका सुतारानं एका झाडाचं बी घेऊन शेकड्यांनी रोपं लावली. आईसारखं हुबेहूब एकही निघालं नाही. पण त्यातली चार-दोन अशी निघाली की अख्खा टेक्सास कलमाला त्यांचे डोळे मागतो. 'सॅन साबा' हे त्या आईचं नाव. आज जिकडं जाशील तिकडं तिची नातवंडं. पण बाप कोण? विचार कुणालाही. आई ठाऊक, बाप वारा."

"मग थोरलीचं कलम करा ना. मेली तरी राहील."

"केलंय की, वरच्या रानात तीन केलीत. पण कलम म्हणजे तीच थोरली, नव्या पायांवर उभी केलेली. तिचे गुण तेच आणि खोडीही त्याच, म्हणजे दाणा लहान आणि पीक वर्षाआड. बी म्हणजे लेकरू. लेकराला बाप चांगला बघून द्यायचा, तर वाऱ्यावर सोपवून कसं चालेल?"

ओपांनी बाप बघून ठेवला होता. तीन कोसांवरच्या मित्राचं झाड. पण पिशव्या बांधून झाल्या त्याच रात्री उशिराचं हिव पडलं. सकाळी मित्राचा निरोप आला: सखल जागेतली झाडं पोळली, परागाचे तुरे काळे पडून गळाले. थोरलीचं नशीब, ती नदीच्या उबेला होती म्हणून तिची फुलं वाचली. पण तिचे स्वतःचे तुरे तर आठवड्यापूर्वीच झडून गेले होते. तिचं तसंच असतं: पराग आधी, फुलं मागून. आणि फुलं चिकट राहतात ती फार तर पाच-सहा दिवस. तेवढ्यात परागाची धूळ बसली तर बसली.

त्या दिवशी जेवताना ओपांनी ताटाला हात लावला नाही. आल्मानं कोबीचं भांडं पुढं सरकवलं.

"पप्पा, जनरल उंचावर आहे. त्याचे तुरे शाबूत असतील. तो झडतोही उशिरा."

"कोण जनरल? तो फुगा?"

"दाणा केवढा मोठा त्याचा."

"मोठा आणि पोकळ! अशा बाईच्या दारात मी भीक मागायला जाणार नाही."

जनरल हे पलीकडच्या काठावरचं झाड, आणि ती बाई म्हणजे मिस ड्रूसिला टॉलिव्हर. अकरा वर्षांपूर्वी एका पुरात जनरलचे पिकान वाहत येऊन ओपांच्या काठाला लागले होते. तेव्हा देवळाच्या अंगणात, सगळ्यांसमोर, ओपा म्हणाले होते, "टॉलिव्हरबाईंचे पिकान फार गुणाचे. चांगले पिकान बुडतात. हे स्वतःच पोहून माझ्या डुकरांकडं आले." लोक हसले. मिस ड्रूसिलानं हातमोजे चढवले आणि त्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर बसू लागली. अकरा वर्षं शब्द नाही.

टिलीचा बाप असता तर त्यानं मधला मार्ग काढला असता. पण तो लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर डोंगराकडं गेला होता. टिलीनं बशी पुसली, बूट गळ्यात अडकवले आणि उतारावरच्या, पाणी उथळ असतं तिथल्या दगडांवरून नदी ओलांडली.

मिस ड्रूसिला ओसरीवर बसून गेल्या वर्षीचे पिकान फोडत होती. उंच, हाडकुळी बाई. मेलेल्या नवऱ्याचे बूट घातलेली. ओठाखाली तपकिरीची चिमूट.

"लेनर्टची पोर ना तू? म्हाताऱ्यानं पाठवलं?"

"नाही."

"म्हणजे त्याला ठाऊक नाही?"

"असेल. पण मी निघाले तेव्हा ते मुद्दाम भिंतीकडं तोंड करून बसले होते."

मिस ड्रूसिलाचा अडकित्ता थांबला. "काय हवंय?"

टिलीनं सांगितलं. आतड्याच्या पिशव्या, हिव, थोरलीची मुळं, पाच दिवस.

"आणि माझ्या जनरलचे पिकान तरंगतात, नाही का?"

"हो."

"तोंडावर हो म्हणतेस?"

"पण दिसायला फार देखणे आहेत," टिली म्हणाली. "आणि यातला एखादा तरी भरलेला असेलच."

मिस ड्रूसिलानं तपकीर थुंकली. तोंड वळवून, म्हणजे हसू दिसू नये. "नेऊ देते. हव्या तेवढ्या फांद्या ओरबाड. पण अर्धेलीनं."

टिलीनं लगेच मान डोलावली. नदीकाठी जन्मलेलं पोर अर्धेली ऐकतच मोठं होतं. दुसऱ्याचं झाड झोडपलंत, निम्मं तुमचं. दुसऱ्याच्या गाडीनं माल नेलात, निम्मं त्याचं. जनरल आता थोरलीसाठी राबणार, म्हणजे निम्मं जनरलच्या मालकिणीचं. यात विचारायचं काय? मिस ड्रूसिलानं हात पुढं केला, टिलीनं तो हलवला, आणि कणसासारखे लोंबणारे हिरवे तुरे पोतंभर घेऊन ती धावत सुटली. निम्मं म्हणजे नेमकं कशाचं निम्मं, हे तिच्या मनातही आलं नाही.

पोतं बघून ओपांनी एकच विचारलं, "काय म्हणाली?"

"न्या म्हणाली."

"हं," ओपा म्हणाले, आणि स्वयंपाकघरातलं टेबल झाडायला लागले.

तुरे वर्तमानपत्रावर पसरले. चुलीच्या उबेनं सकाळपर्यंत ते उकलले आणि कागदावर पिवळी धूळ पडली, हळदीहून बारीक. आल्माच्या जुन्या मोज्यातून ती गाळायची, बाटलीत भरायची. दार बंद, खिडकी बंद, श्वास हळू. ओपा इतके वाकून बघत होते की मिशा कागदाला लागल्या.

"पप्पा, शिंकू नका हं," आल्मा म्हणाली.

तिनं म्हणायला नको होतं. ओपा शिंकले. जनरलचा अर्धा वंश छतापर्यंत उडाला, आणि पिवळ्या मिशांचे ओपा नाक धरून उभे राहिले. आल्मा पदर तोंडात कोंबावा तसा झगा तोंडात कोंबून हसत जमिनीवरच बसली.

"हसा! याला फुगा म्हणतात तो काय उगाच!"

उरलेली धूळ पुरली. घोड्याला औषध टोचायच्या पिचकारीत ती भरून टिली पुन्हा वर चढली, कापसातून सुई आत सारली, आणि एकेका पिशवीत फुस्स करून पिवळा ढग सोडला. वीस पिशव्या, वीस फुस्स. खाली आईची तीन गाणी संपली. संध्याकाळी ओपांनी कोठाराच्या दारावर आठवी ओळ लिहिली. झाड: रिकामं. आई: थोरली. बापाच्या रकान्यात 'जनरल' लिहायला खडू उचलला, थोडं थांबले, आणि लिहिलं: फुगा.

उन्हाळ्यात टिली दिवसातून दोनदा मोजायची. आतड्याच्या पिशव्या काढल्या तेव्हा एकतीस इवलेसे पिकान धरले होते. मे महिन्यात गारा झाल्या, एकोणीस राहिले. मग त्यांना मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या, तरी एका खारीनं दोन कुरतडल्याच. ओपांनी तिला जर्मनमध्ये असं काही सुनावलं की आल्मानं टिलीचे कान झाकले. ऑगस्टच्या उन्हात आणखी सहा गळाले. उरले अकरा. त्यातला एक त्या विसाव्या पिशवीतला, टोकावरचा.

नोव्हेंबरात हिरवी सालं उकलली आणि झोडपणी सुरू झाली. लांब वेळूच्या काठ्या, खाली ताडपत्र्या, दिवसभर टपटप. मान आखडून जाते, बोटं सालांच्या रसानं काळी होतात आणि नाताळपर्यंत काळीच राहतात. त्याआधी टिलीनं वर चढून अकरा पिशव्या हातानं खुडल्या आणि ओपांच्या टोपीत आणून ठेवल्या. ओपांनी टोपी दोन्ही हातांनी धरली आणि ते अंगठ्यानं एकेक पिकान फिरवत राहिले.

तेवढ्यात उतारावर पाणी खळबळलं. मिस ड्रूसिला नवऱ्याचे बूट भिजवत नदी ओलांडून येत होती. काखेत पिठाची रिकामी पिशवी.

"लेनर्ट," ती म्हणाली. अकरा वर्षांतला पहिला शब्द. "वाटा न्यायला आलेय."

"कसला वाटा?"

"अर्धेलीचा. तुझ्या झाडावर माझं झाड राबलं. पोरीशी बोलणं झालंय."

झोडपणाऱ्यांच्या काठ्या थांबल्या. टिली मनात मोजायला लागली. अकरांतले निम्मे! आता कुठं तिला कळलं, आपण काय देऊन आलो ते.

ओपांच्या मानेवरची शीर फुगली. "पिशव्या आम्ही बांधल्या! गारांत आम्ही भिजलो! तुझ्या फुग्यानं काय केलं? धूळ झाडली!"

"मग वाऱ्याची धूळ घ्यायची होती. ती फुकट असते."

ओपा टिलीकडं वळले. "हात दिला होतास?"

"दिला होता, ओपा." तिचा आवाज चिमणीएवढा झाला होता. "मला वाटलं... मला काही वाटलंच नाही."

ओपांनी टोपीकडं पाहिलं, थोरलीच्या उघड्या मुळांकडं पाहिलं. मग ते म्हणाले, "लेनर्टांच्या पोरीनं हात दिला म्हणजे दिला. घेऊन जा. आणि खा भाजून, गूळ घालून."

"खायला कशाला? लावणार आहे मी," मिस ड्रूसिला म्हणाली. "तुलाच काय ती झाडं कळतात? पण आधी पाण्यात टाक. बुडतात का बघू. माझ्या डोळ्यांदेखत."

ही मागणी वाजवी होती; काठ्या धरून उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अकरा पिकान पावसाच्या पिंपात सोडले. सगळे तरंगले. "भिजू दे जरा," ओपा घाईनं म्हणाले. भिजेपर्यंत पाहुणीला उपाशी ठेवायचं कसं? आल्मानं पान वाढलं: सॉसेज, आंबवलेली कोबी, काळा पाव.

"आतडं पातळ आहे यंदाचं," मिस ड्रूसिला चावत म्हणाली.

"जाडं होतं ते तुमच्या सुनेला, थोरलीला नेसवलं," आल्मा म्हणाली.

मिस ड्रूसिलाला ठसका लागला. ओपांनी पाण्याचा पेला पुढं केला, आणि केल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. मग दोघं एकमेकांच्या झाडांना नावं ठेवायला लागले, आणि त्या नावं ठेवण्यात अशी गोडी आली की पाव संपला तरी कुणी उठेना. "कोठाराच्या दारावर वंशावळ लिहितोस म्हणे," मिस ड्रूसिला म्हणाली. "बघू तरी." टिली खुर्चीवरून अशी उडाली की खुर्ची पडली. ती धावत जाऊन कोठाराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आधी पिंप!"

पिंपाच्या तळाशी दहा पिकान शांत बसले होते. अकरावा उभा राहून नाकापर्यंत बुडाला होता, पण बुडत नव्हता.

"हा बापावर गेला," ओपा म्हणाले.

मिस ड्रूसिलानं पिंपात वाकून पाहिलं. तिचे खांदे हलले, मग पाठ हलली, आणि मग ती पिंपाची कड धरून अशी हसली की झोडपणारे झाडाखालून बघायला लागले. "पोहतोय बघ! आजोबाच्या डुकरांना शोधतोय!"

ओपाही हसले. हसता हसता डोळे पुसले.

दहा वाटले गेले, पाच इकडं, पाच तिकडं. अकरावा ओपांच्या तळहातावर राहिला.

"पोकळ तर आहे," मिस ड्रूसिला म्हणाली. "फोडून टाक. पिकानच्या आत देवानंच दोन फाका केल्यात. एक तुझी, एक माझी. हिशेब संपला."

"बरोबर," ओपा म्हणाले, आणि दाबायला मूठ वळली.

टिलीनं तो पिकान ओळखला होता. निमुळतं टोक, बाजूला काळा ओरखडा. विसाव्या पिशवीतला. कवच आईचं असतं, ओपांनीच तर सांगितलं होतं; आत असतं ते लेकरू. आणि तो पुरता तरंगत नव्हता. नाकापर्यंत बुडालेला होता.

तिनं ओपांच्या मुठीतून पिकान काढला. कुणी हिसकावून घेऊ नये म्हणून खारीसारखा गालात कोंबला, आणि पळाली.

"टिले! थुंक! थुंक तो!"

"अगं पकड तिला, लेनर्ट!"

"गुडघे तुझे चांगलेत, तू पकड!"

उताराच्या वर, जिथं दोघांच्या गाडीवाटा येऊन मिळतात, तिथं उंच, काळ्या मातीचा तुकडा आहे. तो ना इकडचा, ना तिकडचा. टिलीनं बोटांनी माती उकरली, दोन पेरं खोल. गालातला पिकान तिथं आडवा ठेवला, थुंकीनं अजून ओला. वर माती लोटली आणि खारीला कळू नये म्हणून दगड मांडले.

दोघं म्हातारी धापा टाकत पोचली तेव्हा ती हात झटकत होती. त्यांनी दगडांकडं पाहिलं, मग एकमेकांकडं.

"उगवायचा नाही," ओपा म्हणाले.

"उगवेल," मिस ड्रूसिला म्हणाली, निव्वळ त्यांना खोडायला.

टिलीनं वाटेकडेची बादली उचलून दोघांच्या मधे ठेवली. "पाणी लागेल. एका माणसाला ही भरलेली उचलत नाही."

दोन म्हाताऱ्या हातांनी एकच कडी धरली आणि दोघं कुरकुरत उताराकडं वळली. ती पाठमोरी झाली मात्र, टिली कोठाराकडं धावली. दारापाशी पोचून तिनं अंगठा जिभेवर ओला केला, आठव्या ओळीतला 'फुगा' घासून घासून पुसला, आणि खडू घट्ट धरून तिथं ठळक अक्षरांत लिहिलं: जनरल.